आधी काट्यावरून उतरा, मग बोलू!

'घसा दुखतोय? वजन कमी करा. पाय मुरगळला? वजन कमी करा.' डॉक्टरांकडचा हा डायलॉग ऐकून तुमचेही कान किटलेत? मग ऐका. काही डॉक्टर आणि डाएटिशियन आता पेशंटला काट्यावर चढवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला लागलेत. या 'वेट-न्यूट्रल' फंड्यात तथ्य किती आणि फॅड किती?

पुण्यातलं एक क्लिनिक. संध्याकाळचे साडेसात. डेडलाइन संपवून थेट तिथे पोचलेली मी.

माझी तक्रार अगदी साधी होती. दोन जिने चढले की धाप लागते, दुपारी तीननंतर डोकं जड होतं आणि कंगव्यात रोज केसांचा पुंजका. डॉक्टरांनी मान वर केली ती काट्याकडे बघायला. ८४ किलो. 'उंची?' पाच फूट तीन. कॅल्क्युलेटरवर टकटक झाली. 'बीएमआय बत्तीसच्या वर गेलाय. मग धाप लागणारच! पंधरा किलो उतरवा, सगळं आपोआप बरं होईल.' हातात झेरॉक्स केलेला डाएट चार्ट. वेळ लागला चार मिनिटं, फी पाचशे रुपये.

मी शहाण्या मुलीसारखी चार्ट फ्रिजवर चिकटवला. सकाळी दुधीचा रस, रात्री सूप. तीन महिन्यांत सात किलो गेले, पुढच्या सहा महिन्यांत नऊ परत आले. धाप तशीच. पण आता डॉक्टरांकडे जायचं कुठल्या तोंडाने? परत काट्यावर उभं राहायचं, परत ते 'च्च' ऐकायचं? त्यापेक्षा नकोच. असं करत दीड वर्ष गेलं.

मग आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं रक्तदान शिबिर आलं. 'ताई, तुम्ही तर दोघांचं रक्त देऊ शकाल,' असा जोक एका कार्यकर्त्याने मारला, तोही मी हसून सोडून दिला. तिथल्या ताईंनी बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि मला बाजूला घेतलं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. माझं होतं ७.८! 'तुम्ही रक्त द्यायला नाही, घ्यायला यायला हवं होतं,' त्या म्हणाल्या.

पुढे सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला. दर महिन्याला होणारा जास्तीचा रक्तस्राव, त्यातून अ‍ॅनिमिया, त्यातून धाप, थकवा, केस गळणं. सगळा हिशेब जुळला. आणि हे कळायला काय लागलं असतं? एक साधी सीबीसी! पण ती लिहून द्यायची कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांचं लक्ष काट्यावर.

आणि तो बारीक

आता माझ्या मित्राची गोष्ट ऐका. हिंजवडीत आयटीत आहे. पाच फूट सहा इंच, ६२ किलो. ग्रुपमधला 'फिट' प्राणी. मिसळीवर दोन पाव एक्स्ट्रा घेतले तरी अंगाला लागत नाही, म्हणून आम्ही सगळे त्याच्यावर जळायचो. त्यालाही थकवा यायचा, रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं. वडिलांना डायबेटिस. तरी जो तो डॉक्टर हेच म्हणायचा, 'तुम्हाला काय झालंय? जरा अंगावर मांस चढवा!'

होम लोनबरोबर टर्म इन्शुरन्स घ्यायचा म्हणून मेडिकल झाली आणि रिपोर्ट आला. एचबीए१सी ८.९. म्हणजे फुल्ल डायबेटिस, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

मी जाड म्हणून माझं रक्त कुणी तपासलं नाही. तो बारीक म्हणून त्याची शुगर कुणी तपासली नाही. काटा एकच, चुका दोन! त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

वेट-न्यूट्रल म्हणजे काय रे भाऊ?

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला माझ्या मावसबहिणीकडून. ताई टोरांटोत डाएटिशियन आहे. त्याआधी सहा वर्षं दादरला प्रॅक्टिस करायची, तेव्हा तीही चार्टच वाटायची. व्हिडिओ कॉलवर माझी रामकहाणी ऐकून ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, 'अगं, तो चार्ट देणारी मीच असू शकले असते. पहिल्या महिन्यात सगळे हसत यायचे. चौथ्या महिन्यात यायचेच बंद व्हायचे. मला वाटायचं, यांच्यातच दम नाही. पण वर्गातली सगळीच मुलं नापास होत असतील तर पेपरच चुकीचा काढलाय, नाही का?'

आता ती काय करते? पेशंट आला की त्याला थेट काट्यावर उभं करत नाही. वजनाची खरंच गरज असेल तर आधी विचारते, 'चालेल का?' आकडा बघायचा नसेल तर पेशंट काट्याकडे पाठ करून उभा राहतो. टार्गेट किलोंचं नसतं. शुगर किती, बीपी किती, झोप लागते का, जिना चढता येतो का, जेवताना पोट भरल्याचं कळतं का, हे बघायचं. वजन उतरलं तर उतरलं, नाही उतरलं तर पेशंट नापास नाही.

ताईच्या क्लिनिकमधल्या दोन साध्या गोष्टी मला फार आवडल्या. वेटिंग रूममध्ये हात नसलेल्या खुर्च्या आहेत. आणि बीपीचे पट्टे तीन-चार मापांचे आहेत. यात काय विशेष, असं मलाही वाटलं होतं. पण २०२३ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे मोजून बघितलं. ज्यांच्या दंडाला सगळ्यात मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचं बीपी जवळपास २० पॉइंटनी जास्त दिसलं. विचार करा, बीपी नसताना गोळी चालू! आणि दोष कुणाचा? पट्ट्याचा नव्हे, तुमच्या दंडाचा.

हा विचार काही काल-परवाचा नाही. 'डाएट सोडा, शरीराचं ऐका' असं सांगणारं 'इंट्यूटिव्ह इटिंग' हे पुस्तक एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकन डाएटिशियननी १९९५ मध्ये लिहिलं. 'हेल्थ अ‍ॅट एव्हरी साइझ' म्हणजे 'कुठल्याही मापात आरोग्य' या विचाराने काम करणाऱ्यांची 'असोसिएशन फॉर साइझ डायव्हर्सिटी अँड हेल्थ' ही संघटना तिथे २००३ मध्ये सुरू झाली. आधी यांच्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. गेल्या काही वर्षांत मात्र मेनस्ट्रीम मेडिसिनही थोडं त्यांच्या दिशेने सरकलंय. लठ्ठपणावर उपचार कसे करायचे, याची कॅनडाची २०२० ची गाइडलाइन सांगते की नुसत्या आकड्यावरून निदान करू नका आणि वजनाचा विषय काढण्याआधी पेशंटची परवानगी घ्या. २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही मान्य केलं की एकटा बीएमआय हे अपुरं माप आहे.

बीएमआयची जन्मकुंडली

आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला हा बीएमआय आला तरी कुठून? हा फॉर्म्युला कुण्या डॉक्टरने काढलेला नाही. बेल्जियमचे अदॉल्फ केतले हे खगोल आणि संख्याशास्त्रातले. १८३०च्या दशकात ते 'सरासरी माणूस' कसा असतो, हे शोधत होते. त्या नादात त्यांना वजन आणि उंचीच्या वर्गाचं नातं सापडलं. एखाद्याची तब्येत ठरवणं हा त्यांचा उद्देशच नव्हता. मग १९७२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी सात हजारांहून जास्त लोकांची मापं घेऊन याच फॉर्म्युल्याचं 'बॉडी मास इंडेक्स' असं बारसं केलं. ते सात हजार सगळे पुरुष होते, बरं का!

हजारो लोकांच्या गटाची तुलना करायला हे माप सोपं आणि स्वस्त आहे, हे खरंच. पण समोर बसलेल्या एका माणसाच्या शरीरात चरबी किती, स्नायू किती आणि चरबी नेमकी कुठे साठलीय, हे ते सांगत नाही. गंमत म्हणजे याचा सगळ्यात भारी पुरावा आपल्या पुण्यातूनच गेलाय.

दोन 'वाय', एक आकडा

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डायबेटिसतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांच्याही आडनावाची इंग्रजी स्पेलिंग 'वाय'ने सुरू होतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित मेडिकल जर्नलमध्ये या दोघांनी चक्क स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. म्हणजे दोघंही एकदम नॉर्मल, चार्टप्रमाणे शाबासकीला पात्र. पण स्कॅन करून चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या शरीरात निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसरांच्या शरीरात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने हे पान जगभर गाजलं. युडकिन मॅरेथॉन पळायचे आणि आपला व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं, असा चिमटाही याज्ञिकसरांनी त्यात स्वतःलाच काढलाय. ऑफिसच्या लिफ्टसमोर उभ्या असणाऱ्या मंडळींनो, ऐकताय ना?

हे फक्त लिफ्टमुळे होत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून याज्ञिकसरांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं जन्माला येताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. म्हणजे 'बारीक पण आतून जाड' हा भारतीय साचा जन्मापासूनच सुरू होतो. म्हणून तर २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी बीएमआयची रेघ खाली आणली. २३ ला ओव्हरवेट, २५ ला लठ्ठ. पण रेघ कितीही खाली आणा, माझ्या मित्राचा बीएमआय २२. तो तिच्याखालून आरामात निसटला!

थोडक्यात काय, काट्यावर विसंबून राहण्याचा फटका फक्त जाड माणसांना बसत नाही.

ऐकायला छान, पण पुरावा?

पत्रकार असल्यामुळे मला ताईच्या गोष्टींवर थांबून चालणार नव्हतं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात झालेला एक अभ्यास या मंडळींच्या तोंडी नेहमी असतो. वर्षानुवर्षं डाएट करून दमलेल्या ७८ लठ्ठ बायका. अर्ध्यांना रीतसर डाएट, अर्ध्यांना वेट-न्यूट्रल पद्धत. डाएटवाल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणी मध्येच सोडून गेल्या, दुसऱ्या गटातून फक्त ८ टक्के. दोन वर्षांनी बघितलं तर डाएटवाल्यांचं उतरलेलं वजन परत आलेलं. दुसऱ्या गटाचं वजन होतं तेवढंच राहिलं, पण कोलेस्टेरॉल, बीपी, व्यायाम आणि स्वतःबद्दलचं मत सुधारलेलं आणि टिकलेलं. अभ्यास छोटा आहे, हे मान्य. पण चौथ्या महिन्यात यायचे बंद होणारे ताईचे पेशंट मला त्यात स्पष्ट दिसले.

वजन परत का येतं? टीव्हीवरचा 'बिगेस्ट लूझर' हा शो आठवतोय? त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, निकाल २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं. शिवाय नुसतं बसल्या जागी शरीर जेवढं जाळायला हवं, त्यापेक्षा ते रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे शरीर कंजूस झालं होतं! 'तुझी विलपॉवरच नाही' असं म्हणणाऱ्यांना हे आधी वाचायला द्या.

आणि टोमण्यांचं काय? अमेरिकेत हजारो लोकांच्या माहितीवरून २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, वजनावरून भेदभाव सोसलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जवळपास ६० टक्क्यांनी जास्त दिसला. त्यांचं वजन किती, हे हिशेबात धरूनही! एकामुळे दुसरं होतं, असं यातून सिद्ध होत नाही. पण दीड वर्ष डॉक्टरांचं तोंड न बघितलेल्या मला यात नवल वाटलं नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका बाईंचा मृत्युलेख जगभर वाचला गेला. कित्येक वर्षं त्या बरं वाटत नाही म्हणत होत्या, सल्ला एकच मिळत होता, वजन उतरवा. कॅन्सर कळला तेव्हा हातात काही दिवस उरले होते. जाड बायकांनो, स्वतःसाठी भांडा, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि आईला फोन लावला.

मग वजन गेलं उडत?

थांबा, थांबा! लगेच वडापाव मागवू नका.

माझ्या आताच्या डॉक्टर मॅडम कोथरूडमध्ये बसतात. माझी सीबीसी करून घेणाऱ्या, सोनोग्राफीला पाठवणाऱ्या त्याच. मी उत्साहाने त्यांना म्हटलं, 'मॅडम, तुम्ही वेट-न्यूट्रल आहात!' त्या म्हणाल्या, 'मला ते लेबल नको लावू. मी आधी तक्रार ऐकते, एवढंच. वजनाने काही होत नाही, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही.'

त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. गुडघ्यांवर भार येतो, झोपेत श्वास अडकणारा स्लीप अ‍ॅप्निया बळावतो, फॅटी लिव्हर होतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' ट्रायलचा निकाल २०१७ मध्ये आला, त्यात १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्या दर १०० डायबेटिकांपैकी ८६ जणांचा डायबेटिस वर्षभराने औषधांशिवाय आटोक्यात होता. हे नाकारून कसं चालेल? आणि आता तर इंजेक्शनं आलीत. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडने हृदयविकार असलेल्या जाड पेशंटमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोकसारखे धोके २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ मध्ये दिसलं. काही वेळा तर काटा लागतोच. गरोदरपणात, केमोचा डोस ठरवताना, हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठतंय का हे बघायला. आणि कारण नसताना वजन भराभर उतरत असेल तर ती खुशीची नाही, तपासणीची गोष्ट आहे.

मग भांडण कशाशी आहे? वजन बघण्याशी नाही, वजन बघून बाकीचं बघायचं सोडून देण्याशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या कमिशननेही जवळपास हीच रेघ मारली. शरीरात चरबी जास्त आहे पण अवयव नीट काम करतायत, ती एक अवस्था. चरबीमुळे अवयव बिघडलेत, तो आजार. दोन्हींना एकाच चार्टने हाकू नका.

मॅडमची स्वतःची एक ट्रिक आहे. जाड पेशंट आला की त्या मनात विचारतात, हीच तक्रार घेऊन बारीक माणूस आला असता तर मी काय तपासलं असतं? तेच लिहून द्यायचं. आणि बारीक पेशंट आला की बरोबर उलटं. याला ना मशीन लागतं, ना फॉरेनची डिग्री.

डॉक्टरांकडे जाताना...

- तक्रार कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहून न्या. कधीपासून, किती वेळा, कशाने वाढते. काट्यावर चढण्याआधी ती सांगून टाका.
- वजन करायला संकोच वाटत असेल तर नम्रपणे विचारा, 'आजच्या तक्रारीसाठी वजन गरजेचं आहे का?' गरजेचं असेल तर करा. आकडा बघायलाच हवा, असं नाही.
- 'वजन कमी करा' ऐकलंत की पुढचा प्रश्न तयार ठेवा : 'करते. पण तोपर्यंत या त्रासाचं दुसरं काही कारण आहे का, ते तपासू या का?'
- बीपीचा पट्टा दंडाला करकचून बसत असेल तर मोठा मागा.
- बारीक आहात, घरात डायबेटिस आहे? शुगर तपासून घ्या. कमरेचा घेरही मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटरपासून धोक्याची घंटा धरतात.
- काटा हलो न हलो, चालणं सोडू नका. २०१४ मध्ये दहा अभ्यास एकत्र करून बघितलं, तेव्हा अनफिट लोकांच्या मृत्यूचा धोका फिट लोकांच्या दुप्पट निघाला. मग ते जाड असोत की बारीक.

असो. माझं हिमोग्लोबिन आता १२.१ आहे. वजन? ८३. फ्रिजवरचा चार्ट काढला, त्या जागी लोहाच्या गोळ्यांचं वेळापत्रक होतं, आता तेही निघालं. मित्राची शुगर साडेसहाच्या आसपास आलीय. रविवारी सकाळी आम्ही दोघं तळजाईची टेकडी चढतो. पहिल्या दिवशी वाटेत एक काका थांबून मला म्हणाले, 'छान! करा करा, उतरेल वजन.' आणि त्याला म्हणाले, 'अरे, तुला कशाला हवंय हे?'

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. मग चढायला लागलो. धाप लागली, पण दोघांनाही सारखीच.